खाली पाठवलेल्या बेसबॉल खेळाडूच्या पगाराचं काय होतं?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एखाद्या खेळाडूला मायनर लीगमध्ये, म्हणजे त्याच संघाच्या खालच्या पायऱ्यांवरच्या संघांत, पाठवतात तेव्हा त्याचा करार मोडतो का? पगार किती कमी होतो? आणि काही जण खालीच खेळूनही वर्षाला कोटीभर डॉलर घेतात, ते कसं?

गेली अठरा वर्षं मी न्यू जर्सीत खेळाडूंचे हिशेब आणि टॅक्स रिटर्न करतो. नावाजलेले तारे माझ्याकडे येत नाहीत, त्यांच्या दिमतीला अख्खी ऑफिसं असतात. माझ्याकडे येतात ते उंबरठ्यावरचे. वर्षातले चाळीस दिवस वर, बाकीचे खाली. तेव्हा हा प्रश्न माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. पगार मैदानावर ठरत नाही, कागदावर ठरतो. मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे ट्रिपल-एमध्ये, एकाच बाकावर शेजारी बसलेल्या चौघांपैकी एकाला दिवसाला दीड-दोनशे डॉलर, दुसऱ्याला सव्वातीनशे, तिसऱ्याला साडेसहाशे आणि चौथ्याला पन्नास हजार मिळत असतील. चौघांचा गणवेश एकच, बसही एकच.

म्हणून कोणी 'अमक्याला खाली पाठवलं' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या शब्दाने पाठवलं? बातमीत 'ऑप्शन' केलं असं आहे, 'रीअसाइन' केलं आहे की 'आउटराइट' केलं आहे? आपल्याकडचे बातमीदार तिन्हींचं भाषांतर 'पाठवणी' असं करून मोकळे होतात, आणि सगळी गोम तिथेच हरवते.

आधी याद्या समजून घ्या. प्रत्येक संघाचे 26 खेळाडू रोज सामन्यासाठी उपलब्ध असतात. पण संघाचा खरा हजेरीपट 40 जणांचा. या 40मधले सगळे मेजर लीगच्या करारावर आणि खेळाडूंच्या संघटनेच्या संरक्षणाखाली असतात, मग खेळोत कुठेही. या पटावरच्या माणसाला खाली खेळायला पाठवलं तर तो 'ऑप्शन'. आपल्या सरकारी नोकरीत माणूस मूळ खात्याच्या आस्थापनेवर राहतो आणि काम दुसरीकडे करतो, तसं. पटावर कधीच नसलेला, फक्त वसंतातल्या सराव शिबिराला पाहुणा म्हणून बोलावलेला खेळाडू परत गेला तर ते 'रीअसाइन'. तो मायनरच्या करारावरच आला होता, त्याच करारावर परत जातो, त्याचं काहीच बदलत नाही. आणि पटावरून नाव खोडून खाली पाठवलं तर 'आउटराइट'. वर येतानाही शब्द वेगळे: ऑप्शनवरचा खेळाडू 'रिकॉल' होतो, पटाबाहेरच्याचा करार 'सिलेक्ट' होतो, म्हणजे त्याला त्या दिवशी नवा मेजर लीग करार मिळतो.

आता पैसे.

पटावरच्या बहुतेक तरुण खेळाडूंचा करार 'स्प्लिट' असतो. एकाच कागदावर दोन दर: वर असाल त्या दिवसाचा एक, खाली असाल त्या दिवसाचा दुसरा. पगार दिवसावर मोजतात. 2024चं उदाहरण घेऊ, कारण त्या वर्षीची एक पगाराची चिठ्ठी मला तोंडपाठ झालीय. त्या हंगामात मेजर लीगचा किमान पगार 7 लाख 40 हजार डॉलर होता. 28 मार्च ते 29 सप्टेंबर म्हणजे 186 दिवस, तेव्हा वरचा एक दिवस साधारण 3,978 डॉलरचा. खालच्या दरालाही किमान मर्यादा आहे. पहिल्यांदाच मेजर लीग करार करणाऱ्याला 2024मध्ये वर्षाला 60,300 डॉलर, आणि दुसरा किंवा पुढचा करार असेल तर 1,20,600. म्हणजे खालचा एक दिवस ढोबळमानाने 324 किंवा 648 डॉलरचा.

ती चिठ्ठी ज्याची, तो माझा गिऱ्हाईक पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारा. 2023चं अख्खं वर्ष पटावर राहून खाली काढलेलं, 2024 त्याचं पटावरचं दुसरं. त्या वर्षी तीनदा वर गेला: एकदा नऊ दिवस, एकदा वीस, एकदा बारा. एकूण 41. वरचे 41 दिवस म्हणजे सुमारे 1 लाख 63 हजार. उरलेले 145 दिवस खाली, त्यांचे सुमारे 94 हजार. बेरीज 2 लाख 57 हजार. वर्षभर वर राहिला असता तर 7 लाख 40 हजार, एकदाही वर गेला नसता तर 1 लाख 20 हजार. त्याच्या आईला वाटत होतं की मुलगा सात लाखांच्या नोकरीला लागला. तिला हा कागद समजावून सांगताना माझी अर्धी संध्याकाळ गेली.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत बरीच वर्षं बदली कामगार होते. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. स्प्लिट करार पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. फरक एवढाच की इथे गेटबाहेरच्या दिवसाचेही थोडे पैसे मिळतात.

हे तळ्यात-मळ्यात संघाला हवं तितकं करता येत नाही. ऑप्शनची साधारणपणे तीनच वर्षं मिळतात. एका हंगामात चारदा खाली पाठवलं तरी ऑप्शन एकच खर्ची पडतो, कारण तो वर्षाचा हिशेब आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022च्या सामूहिक करारापासून मात्र एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा एकाच खेळाडूला ऑप्शनवर पाठवता येत नाही. त्याआधी काही रिलीफ पिचर्सचे, म्हणजे सामन्याच्या मध्येच बदली म्हणून येणाऱ्यांचे, अक्षरशः चेंडूसारखे टप्पे पडायचे. खाली गेलेला फलंदाज किमान 10 दिवस आणि पिचर किमान 15 दिवस तिथे राहायला हवा, वरचा कोणी जखमी होऊन त्याची जागा भरायची असेल, अशा मोजक्या अपवादांतच त्याआधी बोलावता येतं. आणि हंगामात ऑप्शनवरचे एकूण दिवस वीसपेक्षा कमी भरले, तर ते दिवस मेजर लीगच्या सेवेत, म्हणजे वर घालवलेल्या दिवसांच्या हिशेबात, धरतात आणि ऑप्शनही खर्ची पडत नाही. हा वीस दिवसांचा नियम फार थोड्या खेळाडूंना माहीत असतो. त्यांच्या एजंटांना माहीत असतो, निदान असायला हवा.

पाच वर्षं मेजर लीगची सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय ऑप्शनवर पाठवताच येत नाही.

आता दुखापतीबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या गिऱ्हाइकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडाले आहेत. जखमी खेळाडूला खाली पाठवता येत नाही. तो वर असताना जखमी झाला तर मेजर लीगच्या इंज्युअर्ड लिस्टवर, म्हणजे जखमींच्या यादीवर, जातो, आणि त्या यादीवर असेपर्यंत त्याला वरचाच पगार आणि वरचीच सेवा मिळते. पण ऑप्शनवर खाली असताना जखमी झाला तर तो खालच्या यादीवर, खालच्या दराने. फरक दिवसाला तीन हजारांहून जास्त. असाच एक तरुण पिचर, दुसऱ्या एका संघातला. दोन आठवडे त्याचा खांदा दुखत होता. बोललो तर 'नाजूक' म्हणतील, या भीतीने गप्प राहिला. एका रात्री मॅनेजरने खोलीत बोलावून सांगितलं की तुला ऑप्शन करतोय. ट्रेनरने नेहमीप्रमाणे विचारलं, काही दुखतंय का? हा म्हणाला, नाही. खाली गेल्यावर चौथ्या दिवशी हात वर होईना. पुढचे दोन महिने खालच्या इंज्युअर्ड लिस्टवर. मी हिशेब करून दाखवला: साधारण दोन लाख डॉलर, एका 'नाही'चे. त्याने नंतर तक्रार करायचं ठरवलं, पण दुखणं कुठे लिहूनच ठेवलेलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी टॅक्सच्या आधी हे सांगतो: दुखत असेल तर बोल, आणि डॉक्टरकडून कागदावर घे.

याच्या उलट दृश्यही तुम्हाला दिसेल. आमच्या भागात ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे, 2021पासून तो न्यू यॉर्क यँकीजचा डबल-ए, म्हणजे ट्रिपल-एच्या खालच्या पायरीवरचा, संघ. एडिसनमधली निम्मी मराठी पोरं आयुष्यातला पहिला बेसबॉल सामना तिथेच बघतात, कारण तिकीट स्वस्त आणि पार्किंग जवळ. 2025च्या जूनमध्ये तिथे यँकीजचा तारा जियानकार्लो स्टँटन खेळायला उतरला होता. त्याचा करार 13 वर्षांचा, 32 कोटी 50 लाख डॉलरचा. याला डिमोशन म्हणत नाहीत. हा 'रीहॅब': दुखापतीतून परतताना सरावासाठी खाली खेळायचं, फलंदाजाला कमाल 20 दिवस, पिचरला 30. पगार पूर्ण वरचा. असा तारा खाली आला की सगळ्या संघाला चांगलं जेवण घालायची पद्धत आहे. मायनरची पोरं त्याची वाटच बघत असतात.

प्रश्नाचा तिसरा भाग: खाली खेळून कोटी. हे आउटराइटच्या घरातलं प्रकरण आहे.

हमी असलेला मोठा करार एकदा झाला की संघाला खेळाडू पटावरून काढता येतो, पगार काढता येत नाही. क्रम असा. आधी त्याला 'डेझिग्नेट' करतात, म्हणजे पटावरून बाजूला. मग सात दिवसांत निर्णय: दुसऱ्या संघाशी व्यवहार, नाहीतर वेव्हर्स, नाहीतर सुट्टी, म्हणजे संघातून मोकळं करणं. वेव्हर्स म्हणजे बाकीच्या 29 संघांना विचारणं, कोणाला हवाय का? ज्याला हवा त्याने करारासकट न्यायचा. करार जड असेल तर कोणीच हात पुढे करत नाही, आणि मग त्याला आउटराइट करून खाली पाठवता येतं. त्याच्या बँकेत मात्र दर पंधरवड्याला तेवढेच पैसे येत राहतात.

रस्नी कास्तिलो हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. क्युबाचा आउटफिल्डर. 2014च्या ऑगस्टमध्ये बॉस्टन रेड सॉक्सने त्याच्याशी 7 वर्षांचा, 7 कोटी 25 लाख डॉलरचा करार केला. जून 2016मध्ये त्याला पटावरून उतरवलं. त्यानंतर त्याने ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या ट्रिपल-ए संघात वर्षांमागून वर्षं काढली. खेळ वाईट नव्हता. पण त्या काळच्या नियमाप्रमाणे पटाबाहेरच्या खेळाडूचा पगार लग्झरी टॅक्सच्या, म्हणजे एकूण पगार ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की संघाला बसणाऱ्या कराच्या, हिशेबात येत नव्हता, आणि त्याला परत वर घेतलं असतं तर लगेच आला असता. संघ आधीच त्या मर्यादेच्या आसपास होता. त्यामुळे तो चांगला खेळूनही वर जाईना, आणि पैसे सोडून बाहेर पडणं त्यालाही परवडेना. मेजर लीगमध्ये त्याचे एकूण 99 सामने झाले. वर्षाला सरासरी कोटीभर डॉलर घेणारा हा माणूस ज्या बसमधून फिरायचा, त्याच बसमधल्या काही जणांना हंगामाचे जेमतेम पंधरा हजार मिळत होते. लोक त्याला नशीबवान म्हणायचे. मला तो सोन्याच्या पिंजऱ्यातला वाटायचा, पण मी हिशेबनीस आहे, माझं मत सोडून द्या.

त्याच्या आधी केई इगावा. जपानच्या हानशिन टायगर्सकडून त्याच्याशी नुसतं बोलण्याचा हक्क मिळवायला यँकीजने 2 कोटी 60 लाख 194 डॉलर मोजले आणि वर त्याच्याशी 2007 ते 2011 असा पाच वर्षांचा, 2 कोटींचा करार केला. मेजर लीगमध्ये 16 सामने खेळून तो संपला. उरलेली वर्षं स्क्रँटन आणि ट्रेंटनच्या मायनर संघांत. राहायचा मॅनहॅटनमध्ये आणि सामन्यासाठी रोज गाडीने पेनसिल्वेनियात स्क्रँटनला जाऊन परत यायचा. एका बाजूला दोन तास धरा. करार संपेपर्यंत त्याने एकही डॉलर सोडला नाही, आणि का सोडावा?

तिसरा स्कॉट किंगरी. फिलाडेल्फिया फिलीजने 2018मध्ये, एकही मेजर लीग सामना खेळण्याआधी, त्याच्याशी 6 वर्षांचा 2 कोटी 40 लाखांचा करार केला. 2021मध्ये आउटराइट. मग ॲलनटाउनला ट्रिपल-एमध्ये, कराराच्या पैशांवर.

आउटराइट नाकारता येतं का? इथे सेवेची वर्षं मोजावी लागतात. मेजर लीगचं एक वर्ष म्हणजे 172 दिवस. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा आणि पहिलंच आउटराइट असेल तर नाकारता येत नाही, निमूट जावं लागतं. तीन वर्षं झाली असतील, किंवा आधी एकदा आउटराइट झालं असेल, तर तो नकार देऊन मोकळा होऊ शकतो. पण सेवा पाच वर्षांच्या आत असेल तर नकाराबरोबर उरलेला पगारही जातो. पाच वर्षं पूर्ण असतील तर नकारही देता येतो आणि पैसेही मिळतात. म्हणून चार वर्षं आणि काही महिने सेवा झालेला, जड करारावरचा खेळाडू सगळ्यात विचित्र कात्रीत सापडतो. मी अशा एकाला बायकोसोबत माझ्या ऑफिसात बसून कागदावर दोन रकाने पाडताना पाहिलंय, एका बाजूला 'स्वातंत्र्य' आणि दुसऱ्या बाजूला एक आकडा. आकडाच जिंकला.

पाच वर्षांच्या पुढच्या अनुभवी माणसाला संघ बहुधा सरळ सुट्टीच देतो. मग दुसरा कोणीही त्याला किमान पगारात घेऊ शकतो, आणि बाकीची रक्कम जुना संघ भरत बसतो. एखादा नावाजलेला खेळाडू अचानक दुसऱ्या संघात 'स्वस्तात' दिसतो, तो असा.

आता 'रीअसाइन'कडे. मी वर म्हणालो की यात काहीच बदलत नाही. पगाराच्या बाबतीत ते खरं, पण सेवेच्या दिवसांत करोडोंची उलथापालथ होऊ शकते. शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट 2015च्या वसंतात शिबिरात सगळ्यांपेक्षा जास्त होमरन मारत होता. तो 40च्या पटावर नव्हता, म्हणून त्याला मायनरच्या शिबिरात रीअसाइन केलं. 17 एप्रिलला वर आणलं. हंगाम संपला तेव्हा त्याचे 171 दिवस भरले होते. पूर्ण वर्षाला 172 लागतात. त्या एका दिवसामुळे त्याची फ्री एजन्सी, म्हणजे कोणत्याही संघाशी बोली करायचा हक्क, 2020ऐवजी 2021च्या हंगामानंतर गेली. तो त्या वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू, झाला. तक्रार केली, आणि 2020मध्ये लवादाने निकाल संघाच्या बाजूने दिला.

पुढे 2022च्या करारात यावर उतारा निघाला: रूकीच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स 2024ची सुरुवात इंडियानापोलिसच्या ट्रिपल-एमध्ये करून 11 मेला वर आला, रूकी ऑफ द इयर झाला, आणि त्याला पूर्ण वर्ष मिळालं. त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रिपल-एमध्ये त्याचा पगार बाकीच्या पोरांसारखाच होता, पण 2023च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला जाऊन सही करताना त्याने 92 लाख डॉलरचा बोनस घेतला होता. सहीचा बोनस खाली पाठवलं म्हणून परत जात नाही. तेव्हा एखादा खेळाडू 'पस्तीस हजारांवर जगतोय' असं ऐकलं तर आधी त्याचा बोनस विचारा. आमच्याकडे येणाऱ्यांचे बोनस बहुतेक वेळा एका जुन्या गाडीत संपलेले असतात.

पस्तीस हजारांचा उल्लेख आला, तर पटाबाहेरच्या खऱ्या मायनर करारांबद्दल दोन शब्द. 2022पर्यंत या मुलांना संघटनाच नव्हती. ट्रिपल-एचं किमान वर्षाला 17,500 डॉलर, डबल-एचं 13,800, सगळ्यात खालच्या पायरीवर 4,800. तेही फक्त हंगामाचे. 2018मध्ये तर संसदेने कायदा करून त्यांना किमान वेतनाच्या नियमांतून जवळपास वगळलंच होतं. 2014पासून चाललेला खटला 2022मध्ये 18 कोटी 50 लाख डॉलरवर मिटला, त्याच वर्षी मोठ्या खेळाडूंच्या संघटनेने यांना आत घेतलं, आणि 2023मध्ये पहिला सामूहिक करार झाला. त्या वर्षीचं किमान: ट्रिपल-ए 35,800, डबल-ए 30,250, त्याखाली हाय-ए 27,300 आणि लो-ए 26,200, तळाला 19,800. आता हिवाळ्याचे बरेच आठवडे आणि वसंतातलं शिबिरही पगारी. गंमत म्हणजे मेजर लीगच्या खेळाडूला शिबिरात पगार नसतो, नुसता भत्ता. त्याचा पगार हंगामाच्या पहिल्या दिवशी सुरू होतो.

या करारांत हमी हा शब्दच नाही. भारतातून गेलेले पहिले दोघे, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, 2008मध्ये पायरेट्सकडे याच मायनरच्या करारावर गेले होते. आपल्याकडच्या काही बातम्यांचा सूर दोघं जणू मेजर लीगमध्येच दाखल झाले असा होता. वर कोणीच पोचलं नाही. रिंकू लो-एपर्यंत गेला, आणि पुढे कुस्तीच्या रिंगणात नाव कमावलं.

अनुभवी खेळाडूंचा मायनर करार मात्र वेगळा असतो. सहा किंवा जास्त वर्षं सेवा असलेला आणि आधीचा हंगाम मेजर लीगच्या यादीवर संपवलेला फ्री एजंट मायनरच्या करारावर आला, तर हंगाम सुरू व्हायच्या पाच दिवस आधीपर्यंत संघाने वर घेतलं नाही तर त्याला निघून जायची मुभा असते. तीच मुभा त्याला 1 मे आणि 1 जूनलाही असते. या लोकांच्या करारात 'वर आलो तर इतके' असा वेगळा आकडा असतो आणि बातमीत तोच छापून येतो. 'अमक्याने वीस लाखांचा करार केला' असं वाचाल तेव्हा पुढे 'मेजर लीगमध्ये पोचला तर' हे आहे का बघा. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असला तो आकडा.

घराच्या बाबतीत मात्र सगळे सारखेच फसतात. एक फलंदाज जुलैत पहिल्यांदा वर गेला, भारावून त्याने बारा महिन्यांची अपार्टमेंटची लीज केली. बाराव्या दिवशी ऑप्शन. उरलेली लीज त्याने खालच्या दराच्या पगारातून फेडली.

आता परत त्या 41 दिवसांच्या पिचरकडे. 2024च्या सप्टेंबरअखेर त्याला खाली पाठवलं तेव्हा फोनवर तो पगाराबद्दल बोललाच नाही. म्हणाला, दोन दिवस कमी पडले. मेजर लीगच्या पेन्शनसाठी कारकिर्दीत एकूण 43 दिवसांची सेवा लागते. वैद्यकीय विम्याचा हक्क पहिल्याच दिवशी मिळतो, तो त्याला मिळाला होता. पण 43 हा आकडा या उंबरठ्यावरच्या मंडळींच्या डोक्यात असा बसलेला असतो की काही जण कॅलेंडरवर खुणा करतात. संघाने मुद्दाम केलं का? मला वाटत नाही. त्यांना त्या दिवशी ताज्या दमाचा हात हवा होता, एवढंच.

2025मध्ये त्याचा शेवटचा ऑप्शन खर्ची पडला. मे महिन्यात एक जण जखमी झाला, याला बोलावलं, आणि तो सतरा दिवस राहिला. 43 पार झाले. आता 2026मध्ये तो 'आउट ऑफ ऑप्शन्स': त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर टाकावं लागेल, आणि 29 संघांपैकी कोणीही त्याला उचलू शकेल. म्हणजे शिबिराच्या शेवटी एक तर तो त्या 26मध्ये असेल, नाहीतर कदाचित दुसऱ्याच शहरात.

फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला. या वर्षी तरी बारा महिन्यांची लीज करू का, असं विचारत होता. मी कळवलं, महिन्याच्या बोलीवर घे, आणि फर्निचर भाड्याचं आण.